शंभर रुपयांची गोळी: एका बातमीचं वाचन

पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचं नाव जरा भारदस्त छापलंय. ‘सक्रिय ऑक्सिजन रेणू, रोगप्रतिकारशक्ती आणि कर्करोग’. घाबरू नका. मी बोलणार आहे ते एका बातमीबद्दल आणि त्या बातमीमागच्या शोधनिबंधांबद्दल. पुस्तकाचं परीक्षण करतात ना, तसं हे एका दाव्याचं परीक्षण आहे असं समजा.

बातमी तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२४ चा शेवट. टाटा रुग्णालयाने कर्करोग परत येऊ न देणारी गोळी शोधली, किंमत फक्त शंभर रुपये. महाड-पोलादपूरच्या व्हॉट्सॲप गटांवर ती किती फिरली असेल हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या या दोन तालुक्यांत टाटा हे नाव परकं नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, परळ-लालबागला राहिली, आणि टाटा रुग्णालय त्याच परळला. ‘टाटाला दाखवून या’ असं इथल्या डॉक्टरांनी म्हटलं की घरात पुढे कुणी काही विचारत नाही. काय आजार आहे ते कळलेलं असतं. मग चाकरमान्याच्या खोलीवर मुक्काम, पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटरच्या खेपा, आणि उपचार संपल्यावरही मनात एकच भीती, परत तर येणार नाही ना? त्या भीतीवर शंभर रुपयांत उत्तर मिळतंय म्हटल्यावर ते कोण नाकारेल?

बातमीचा गाभा असा होता. टाटा स्मारकचे ज्येष्ठ शल्यविशारद आणि माजी संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका वृत्तवाहिनीला मुलाखत दिली. दहा वर्षांच्या संशोधनातून रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं यांची गोळी तयार झाली आहे, तिने उपचारांचे दुष्परिणाम साधारण ५० टक्क्यांनी कमी होतील आणि दुसऱ्यांदा रोग होण्याला सुमारे ३० टक्के आळा बसेल, असं त्यांनी सांगितलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी मिळाली की जून-जुलैपर्यंत गोळी बाजारात येईल, असंही सांगितलं. आणि त्याच मुलाखतीत आणखी एक गोष्ट होती. दुष्परिणामांवरचा परिणाम उंदरांत आणि माणसांत दोन्हीकडे पाहिला आहे, पण रोग परतण्यावरचा परिणाम फक्त उंदरांत. माणसांतल्या चाचण्या पूर्ण व्हायला पाच वर्षं लागतील. म्हणजे तो ३० टक्क्यांचा आकडा माणसाचा नव्हता. हे वाक्य बोललं गेलं होतं, पण मथळ्यात नव्हतं, आणि फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये तर उरलंच नाही.

इथे माध्यमांवर सगळं ढकलून मोकळं होता येईल. मला तसं करायचं नाही. मथळा वाईट होता हे खरं, पण मथळ्याखालच्या विज्ञानातही काही जागा मोकळ्या आहेत, आणि त्या कुठे आहेत ते समजायचं तर आधी ऑक्सिजनकडे यावं लागेल.

ऑक्सिजन हा तसा साधासुधा वायू नाही. लोखंड गंजवतो, तेल खवट करतो. तुमच्यापैकी जे महाड एमआयडीसीत काम करतात त्यांनी पिवळं लेबल पाहिलं असेल, गोलावर ज्वाळा काढलेली. ऑक्सिडायझर. तो माल वेगळा ठेवायचा, कशाच्या शेजारी ठेवायचा नाही ते सुपरवायझर सांगतो. आपल्या पेशींमध्येही असा माल तयार होतो. श्वासातला ऑक्सिजन वापरून पेशी ऊर्जा बनवते, तेव्हा थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल असे चिडखोर रेणू होतात. ते डीएनएला, प्रथिनांना, पेशीच्या पटलाला इजा करू शकतात. ‘फ्री रॅडिकल्स’ या नावाने जाहिरातींत ज्यांची बदनामी होते ते हेच. आणि मग त्यांच्यावर उतारा म्हणून अँटिऑक्सिडंटचे डबे खपवले जातात.

पण शरीर हे रेणू मुद्दामही बनवतं, आणि इथून गंमत सुरू होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात तेव्हा एक खास एन्झाइम चालू करतात. ते सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं पेरॉक्साइड होतं, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पेशी त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो ना? पाण्यात गेल्यावर त्या पावडरीतून जंतू मारणारं जे रसायन निघतं ते हेच. आपल्या रक्तातली पेशी तीच युक्ती काही कोटी वर्षं आधीपासून करते आहे. ज्या मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. म्हणजे हे रेणू नुसता कचरा नाहीत, हत्यार आहेत.

टी-पेशींकडे या. कर्करोगाच्या पेशी ओळखून मारण्यात या पेशींचा मोठा वाटा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका गटाने दाखवलं की टी-पेशी जागी व्हायलाच तिच्या आतून थोडे ऑक्सिजन रेणू सुटावे लागतात. ते सुटले नाहीत तर ती नीट चेतत नाही, तिची संख्या वाढत नाही. इथे ते हत्यार नाही, निरोप आहे.

आणि आता उलट बाजू. गाठ स्वतःभोवती अशा काही पांढऱ्या पेशी गोळा करते ज्या प्रतिकार दडपतात. त्या हेच रेणू टी-पेशीवर सोडतात. २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या कामात दिसलं की पेरॉक्सिनायट्राइट नावाचा रेणू टी-पेशीच्या ओळखपट्टीलाच, म्हणजे ज्या प्रथिनाने ती शत्रू ओळखते त्यालाच, रासायनिक डाग लावतो. पेशी जिवंत आहे, गाठीत हजर आहे, पण समोरचा शत्रू तिला दिसत नाही. बंदोबस्ताला पोलीस उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांत चटणी टाकली आहे, असा प्रकार. २०१७ मध्ये आणखी एक चकवा समोर आला. प्रतिकार दडपणाऱ्या ज्या नियामक टी-पेशी असतात त्या गाठीतल्या या रेणूंच्या माऱ्याने मरतात. वाटेल, बरं झालं मेल्या. तर मरताना त्या असं द्रव्य सोडतात की प्रतिकार आणखीच दबतो. जिवंतपणी होत्या त्याहून मेल्यावर जास्त त्रासदायक. अशी माणसं आपण पाहिली आहेत, पण ते असो.

तर ‘ऑक्सिजन रेणू प्रतिकाराला चांगले की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या पेशीत, किती, कधी, किती वेळ, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. हे मी वकिली बचाव म्हणून म्हणत नाही. याची किंमत लोकांनी मोजली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना घेऊन एक चाचणी झाली, निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट, गाजरातलं, निरुपद्रवी वाटणारं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल म्हणून दिलं, आणि गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच चाचणी मध्येच थांबवावी लागली. प्रयोगशाळेतलं तर्कशास्त्र निर्दोष होतं हो! माणसांनी ते पाळलं नाही.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोललो असं होईल. स्वीडनमधल्या संशोधकांनी रक्ताच्या एका कर्करोगात, तीव्र मायलॉइड ल्यूकेमियात, नेमका नेम धरला. प्रतिकार दडपणाऱ्या पेशींमधलं ते रेणू बनवणारं एन्झाइमच दाबायचं, म्हणजे टी-पेशी आणि तिच्या बहिणी वाचतील, आणि जोडीला त्यांना चेतवणारं औषध द्यायचं. ३२० रुग्णांच्या चाचणीत रोग परतण्याचं प्रमाण कमी झालं, युरोपात २००८ मध्ये औषधाला परवानगी मिळाली. पण एकूण आयुष्यमान वाढल्याचं त्या चाचणीत स्पष्ट सिद्ध झालं नाही. ऑक्सिजन रेणू आणि कर्करोगविरोधी प्रतिकार या विषयातलं हे सर्वांत पुढे गेलेलं उदाहरणांपैकी एक, आणि त्याची ही गत. एवढं ध्यानात ठेवा आणि मग शंभर रुपयांच्या गोळीकडे चला.

ही गोळी डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या कल्पनेतून आली. ती कल्पना मला मोहक वाटते हे आधीच सांगतो. पेशी मेली की तिचे तुकडे होतात. तिच्या क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं यांचे, बारीक कण रक्तात सुटतात. मित्रा म्हणतात, हे कण नुसते वाहून जात नाहीत. ते धडधाकट पेशींमध्ये शिरतात, तिथल्या डीएनएमध्ये घुसतात, बिघाड करतात, दाह वाढवतात. केमो आणि किरणोपचारात असंख्य पेशी मरतात, म्हणून कणांचा पूर येतो, म्हणून दुष्परिणाम, आणि कदाचित म्हणूनच रोगाचं परत येणं. आता हे कण नष्ट करायचे कसे? रेस्व्हेराट्रॉल हा द्राक्षाच्या सालीतला पदार्थ. एरवी तो अँटिऑक्सिडंट म्हणून विकला जातो. पण तांब्याच्या सोबत त्याचं वागणं बदलतं. तो तांब्याला इलेक्ट्रॉन देतो, तांबं तो ऑक्सिजनला देतं, आणि ऑक्सिजन रेणू तयार होऊन डीएनए तोडतात. रसायनशास्त्रात हे गेल्या शतकाच्या शेवटीच माहीत झालं होतं. मित्रांच्या गटाने म्हटलं, या तोडण्याचा उपयोग पेशीबाहेरच्या कणांवर करू. पेशीच्या आतल्या डीएनएला तिची स्वतःची संरक्षणव्यवस्था सांभाळेल.

हे त्यांनी नुसतं मांडलं नाही, माणसांत पाहिलं. मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांमध्ये मूळपेशी प्रत्यारोपणाच्या वेळी तोंडात भयंकर व्रण पडतात, ते गोळीने कमी झाले असं २०२२ च्या निबंधात आहे. आपल्या आजच्या विषयाला जवळचा निबंध त्याच वर्षी आला, तोंडाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावरचा. एकूण २५ रुग्ण. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे गोळी दिली, आधीच्या आणि नंतरच्या गाठीचा तुकडा तपासला. त्यांना आढळलं की क्रोमॅटिनचे कण कमी झाले, कर्करोगाच्या अनेक खुणा कमी झाल्या, आणि प्रतिकारशक्तीचे ‘ब्रेक’ म्हणून जी प्रथिनं ओळखली जातात, पीडी-१ आणि त्याचे भाऊबंद, तीही कमी झाली. नंतर २०२५ मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीवर असाच अभ्यास आला, २० रुग्ण, त्यातल्या दहांना गोळी. तिथेही खुणा त्याच दिशेने हलल्या.

आता माझे आक्षेप. पहिला सगळ्यांत मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

या निबंधांमध्ये गोळी काम कशी करते याचं स्पष्टीकरण असं दिलंय की पोटात ऑक्सिजन रेणू तयार होतात, ते शोषले जातात आणि शरीरभर परिणाम करतात. आता हायड्रॉक्सिल रेणूचं आयुष्य किती? सेकंदाच्या अब्जांशाच्या हिशेबात. जिथे जन्मला तिथेच, एखाद्या प्रथिनाच्या लांबीइतकं अंतर जाण्याआधी, तो कुणाला तरी चावून संपतो. सुपरऑक्साइड थोडा टिकतो, पण त्याच्यावर विद्युतभार असतो, पेशींची पटलं तो सहज ओलांडत नाही, आणि त्याला संपवणारं एन्झाइम जागोजागी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड टिकतो, पटलातूनही जातो, पण रक्तात तांबड्या पेशी आहेत आणि त्यांच्यात कॅटलेज खच्चून भरलेलं आहे. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो तो त्याच्यामुळेच. पोटापासून गालातल्या गाठीपर्यंत किंवा मेंदूपर्यंत हा माल पोहोचला कसा? ताम्हिणीत पडलेल्या पावसाने सावित्रीला पूर आला म्हणण्यासारखं आहे हे. पाणी खरं, पूरही खरा असेल, पण मधला रस्ता दाखवा. कदाचित रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं रक्तात वेगवेगळे जाऊन गाठीपाशी भेटत असतील. पण तोंडाने घेतलेलं रेस्व्हेराट्रॉल आतडं आणि यकृत इतक्या झपाट्याने बदलून टाकतात की मूळ रूपात रक्तात नाममात्र उरतं, हे २००४ पासून माहीत आहे. आणि इथे मात्रा तर काही मिलिग्रॅमची. परिणाम खोटा आहे असं मी म्हणत नाही. दिलेलं कारण त्या परिणामाला पुरत नाही, एवढंच म्हणतो.

दुसरा आक्षेप ब्रेकबद्दल. पीडी-१ कमी दिसलं म्हणजे ब्रेक सुटला असं लगेच धरता येत नाही. पीडी-१ थकलेल्या टी-पेशीवर असतं, तसं नुकत्याच जाग्या झालेल्या टी-पेशीवरही असतं. गाठीतल्या टी-पेशीच कमी झाल्या तरी पीडी-१ कमी दिसेल. पोलीस ठाण्यात शिट्टीचा आवाज कमी झाला, तर गुन्हे कमी झाले की पोलीस कमी झाले? पाहायला हवं ते पुढचं. टी-पेशी खरोखर गाठ मारू लागल्या का, आणि माणूस जास्त जगला का? दोन आठवड्यांच्या अभ्यासात ते दिसणं शक्यच नव्हतं, आणि संशोधकांनी निबंधाच्या नावातच तो प्राथमिक, चाचपणीचा असल्याचं म्हटलंय. त्याबद्दल त्यांना दोष नाही. शिवाय कमी मात्रा जास्त मात्रेपेक्षा चांगली ठरली असं त्यात आहे. या रेणूंच्या बाबतीत ते अशक्य नाही, थोडे निरोप देतात आणि जास्त झाले की जाळतात, हे आपण पाहिलंच. पण २५ रुग्णांचे मात्रेनुसार गट पाडले की एका गटात किती उरतात? तिथे योगायोगही तसाच दिसतो.

बाकी आक्षेप किरकोळ आहेत, सोडून देतो.

मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त खटकतं ते वेगळंच. मोजपट्टी कुणी दुसऱ्याने आणावी लागत नाही, टाटाच्याच कपाटात आहे. याच डॉ. मित्रांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. प्रश्न साधा: प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने स्तनांची तपासणी केली तर स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात का? १,५१,५३८ बायका, दर दोन वर्षांनी तपासणी, चार फेऱ्या, आणि मग वाट पाहणं. निकाल छापला २०२१ मध्ये. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, आणि सगळ्या वयोगटांचा मिळून फरक १५ टक्के, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. एका साध्या प्रश्नासाठी वीस वर्षं थांबणारा हा माणूस आहे. योगायोग बघा, तिथलाही आकडा ३० टक्केच. पण त्या तीसमागे दीड लाख बायका आहेत.

आणि डॉ. बडवे? स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया करण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, दाताचे डॉक्टर बधिर करायला देतात ते. खर्च नगण्य. अकरा केंद्रं, सुमारे १,६०० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. २०२३ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. याच्यावर ‘शंभर रुपयांत’ असा मथळा शोभला असता, पण तो फिरला नाही. सुई टोचून बधिर करण्यात बातमी नसते बहुतेक.

ब्रेकची गोष्ट निघालीच आहे तर टाटाचीच तिसरी चाचणी सांगतो, कारण ती आपल्या तोंडाच्या कर्करोगाला थेट लागू आहे. निव्होल्युमॅब हे पीडी-१ चा ब्रेक सोडवणारं खरंखुरं औषध. पूर्ण मात्रेत ते आपल्यातल्या कुणालाच परवडत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. १५१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. वर्षभराने जिवंत किती? नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, निव्होल्युमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. हेही २०२३ च. इथे खुणा मोजल्या नाहीत, माणसं मोजली.

आता या तीन चाचण्यांच्या शेजारी रेस्व्हेराट्रॉल-तांब्याची गोळी ठेवा. तीच संस्था, तीच माणसं, तोच हेतू, की गरिबाला परवडावं. फक्त चाचणी व्हायच्या आधी मुलाखत झाली. आणि परवानगी मागायची होती ती औषध नियंत्रकाकडे नाही, अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे पूरक आहार म्हणून. पूरक आहाराला रोग बरा करण्याचा पुरावा द्यावा लागत नाही, तसा दावाही करता येत नाही. पण मुलाखतीने दावा आधीच घरोघर पोचवला होता. याला मी कपट म्हणणार नाही. उत्साह म्हणेन. पण त्या उत्साहाचा बोजा पडतो तो रुग्णाच्या नातेवाइकावर.

गोंधळ किती व्हावा याचं एकच उदाहरण देतो. टाटा स्मारक केंद्र हे अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतं. त्यानंतर काही महिन्यांनी याच विभागाकडून दुसऱ्या गोळीची घोषणा झाली, अ‍ॅक्टोसाइट. भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटाचंच खारघरचं केंद्र आणि बंगळुरूची एक कंपनी यांनी मिळून केलेली, किरणोपचार घेणाऱ्यांसाठी. तिचं वर्णन काय? अँटिऑक्सिडंट आणि प्रतिकारशक्तीचं नियमन करणारी. एक गोळी ऑक्सिजन रेणू बनवून दुष्परिणाम कमी करते, दुसरी ते रेणू विझवून दुष्परिणाम कमी करते. किरणोपचार स्वतः मोठ्या प्रमाणात पाण्याच्या रेणूतून हायड्रॉक्सिल निर्माण करून गाठ मारतो, हे तर वेगळंच. दोन्ही दावे आपापल्या जागी खरे असू शकतात, जागा आणि वेळ वेगळी असेल तर. पण पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या माणसाने हातात दोन्ही पाकिटं घेऊन काय समजायचं, हे कोणी सांगितलं? बातमी देणाऱ्यांनी नाही, आणि संस्थेनेही नाही.

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत दर चार प्रौढांत एकजण तंबाखू खाणारा किंवा ओढणारा निघाला, आणि त्यात खाणारे, मिश्री लावणारे फार मोठे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, बंदी कशी पाळली जाते ते हायवेवरच्या टपऱ्यांना विचारा. म्हणजे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे येत राहणार. त्यांना त्या २५ जणांच्या निबंधात जे दिसलं त्याची मोठी, चिठ्ठ्या टाकून केलेली, जगण्यामरण्याचा हिशेब ठेवणारी चाचणी हवी आहे. मागायचं तर ते मागावं. गोळी मागू नये.

इथे थांबतो. वेळ आहे, प्रश्न घेऊ.

प्रश्न (बिरवाडीहून आलेल्या एक ताई): सर, आमच्याकडे तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितात. वरून द्राक्षं खाल्ली तर तेच होईल ना?

उत्तर: ताई, हा प्रश्न मला अपेक्षित होता! हंड्यातलं पाणी प्या, द्राक्षंही खा, दोन्हीला माझी हरकत नाही. पण त्याने ती गोळी होत नाही. गोळीत दोन्हींचं प्रमाण मोजून ठरवलेलं आहे, तांबं तर मायक्रोग्रॅमहून कमी इतकं क्षुल्लक. हंड्यातून किती तांबं उतरलं ते पाण्याच्या आंबटपणावर, किती वेळ ठेवलं त्यावर ठरतं. आणि एक सांभाळा, ताक, लिंबूपाणी, कोकम सरबत तांब्यात ठेवू नका. आंबट पदार्थ तांबं जास्त ओढतात, उलट्या होतात.

प्रश्न (पोलादपूरचे एक शिक्षक): ऑपरेशनच्या तारखेला वेळ असेल तर तोवर दुकानात मिळणारं रेस्व्हेराट्रॉल घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर: गुरुजी, दोन हरकती. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये ते शेकडो मिलिग्रॅम असतं, अभ्यासातल्या मात्रेच्या कितीतरी पट, आणि याच अभ्यासात जास्त मात्रा कमी उपयोगी ठरली होती. दुसरी, चालू औषधांशी त्याची कुरबूर होऊ शकते, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी. तुम्ही जे काही घेताय, आवळ्याचा अर्क असो की व्हिटॅमिन ई, ते शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा. आणि तारीख मिळाली असेल तर ती गाठा. गोळी बघू म्हणून पुढे ढकलू नका.

प्रश्न (तेच): आणि आवळा, कोकम? ती तर अँटिऑक्सिडंट आहेत.

उत्तर: जेवणात खुशाल. फिनलंडमध्ये नुकसान झालं ते गाजराने नाही, गोळीतल्या मात्रेने. कोकमाचं सार तुम्हाला कुणी बंद केलं तर मला फोन करा.